थांबायला सांगणारी बाई

बीडच्या बाजारपेठेतल्या साडीच्या दुकानात मी लागले तेव्हा शेठनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं : गादीवर बसलेल्या बाईकडं बघू नको, तिच्यासोबत कोण आलंय ते बघ. बस्ता असला तर पसंती सासूची नाहीतर थोरल्या नणंदेची. पैसे मोजणारा मामा बाहेर पायरीवर तंबाखू मळत बसलेला असतो. ती दोघं राजी झाली की नवरीला कुणी विचारत नाही. दुसरी गोष्ट, "घरी जाऊन विचार करतो" म्हणून उठलेलं गिऱ्हाईक परत येत नसतं. म्हणून उठू द्यायचं नाही. चहा सांगायचा, आणखी चार घड्या मोडायच्या, शेवटचाच नग आहे म्हणायचं.

तिथून मी मेडिकलच्या काउंटरवर गेले, मग बायकांच्या गटांना कर्ज देणाऱ्या कंपनीत वसुलीला. गेली काही वर्षं ऊसतोड करणाऱ्या बायकांमध्ये आरोग्य शिक्षणाचं काम करते. नातेवाइकांच्या हिशोबानं माझी ही उतरती कमान आहे, कारण पगार वसुलीच्या नोकरीपेक्षा कमी. भाऊ दर दिवाळीला विचारतो, "अजून तेच का?" तेच. त्याचं कारण त्याला एका वाक्यात सांगता येत नाही म्हणून इथं लिहिते आहे.

मेडिकलचं आधी सांगते. तालुक्याच्या गावात एका खासगी दवाखान्याला लागून ते दुकान होतं. हंगाम संपून टोळ्या गावाकडं परतल्या की चैत्र-वैशाखात आमच्याकडं चिठ्ठ्यांची रांग लागायची. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या बायका, डोक्यावर पदर, शेजारी नवरा, त्याच्या हातातल्या कॅरीबॅगमध्ये नोटा. पिशवीचं, म्हणजे गर्भाशय काढायचं ऑपरेशन. सलाईन, सुया, टाके, अँटिबायोटिक, सगळं मी बांधून द्यायचे. काउंटरची एक गंमत आहे. डॉक्टरसमोर ज्या बाईच्या तोंडून शब्द फुटत नाही ती तिथं भडाभडा बोलते. "ताई, ही गोळी कशाची? मला कॅन्सर हाय म्हणले का होणारंय म्हणले? बसायला किती दिसांनी यील?" मी बी. कॉम.! मला यातलं काही येत नव्हतं. चिठ्ठीवर जे लिहिलं असेल ते वाचून सांगायचे. पण इतका प्रश्न विचारायला बायकांना दुकानातली पोरगी लागते, हे माझ्या डोक्यात तेव्हापासून बसलं.

वसुलीच्या नोकरीत सकाळी सातला केंद्राची बैठक. हजेरी, शपथ, हप्ते. कर्ज कशासाठी, या रकान्यात मी शेळीपालन, म्हैस, शिलाई मशीन असं भरायचे. आमच्याकडं तेच चालायचं. प्रत्यक्षात पैसा कुठं जातोय ते बैठकीत सगळ्यांना ठाऊक असायचं. कुणाच्या पोरीचं लग्न, कुणाचं बोअर, आणि बरेचदा दवाखाना. टोळी ऊसतोडीला फडावर गेली की गावात उरायची म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं, आणि हप्ते त्यांच्या दारात जाऊन मागायचे. एका आजीनं मला कोंबडी धरून दिली होती, हप्त्यात घ्या म्हणून. त्यानंतर ती नोकरी फार दिवस टिकली नाही.

2019 मध्ये बीडच्या बायकांच्या बातम्या सगळीकडं आल्या. विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यात 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींमागं एक. देशात 15 ते 49 वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. गावागावांत कॅमेरे आले. बायकांना ते फार लागलं. "आमची आबरू टीव्हीवर" असं म्हणत होत्या, आणि त्यांचं चुकत नव्हतं. त्याच सुमारास एका छोट्या संस्थेला तालुक्यातलीच, घराघरात जाऊ शकणारी, बोलायला न लाजणारी बाई हवी होती. माझ्याकडं वसुलीच्या वेळची अर्ध्या तालुक्याची दारं पाठ होती.

प्रशिक्षणात पहिल्या दिवशी डॉक्टर मॅडमनी आम्हाला आपापल्या शरीराचा आतला नकाशा कागदावर काढायला सांगितला. आम्ही सगळ्या लग्न झालेल्या, लेकरं असलेल्या. कुणी गर्भाशय पोटाच्या वर बेंबीपाशी काढलं, कुणी जठराला जोडलं. माझ्या कागदावर लघवीची आणि पाळीची वाट एकच होती. मग मॅडमनी मूठ दाखवली. एवढंसं, ओटीपोटात, मूत्राशयाच्या मागं. दोन बाजूंना बीजकोश. तिशी ओलांडल्यावर हे कळत होतं, आणि दोन वर्षं ज्या औषधांच्या पिशव्या मी बांधून दिल्या त्या कशाच्या होत्या तेही.

कारणं मात्र मॅडमपेक्षा आम्हा बीडकरणींनाच जास्त माहीत होती, नुसती कधी एका ओळीत मांडली नव्हती. पोरीचं लग्न लवकर होतं, कारण कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी आणि उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, जोडीला मिळते. विसाव्या-बाविसाव्या वर्षी दोन-तीन लेकरं होऊन नसबंदी होते. मग पिशवीचं काम संपलं, असं घरचेही म्हणतात आणि ती स्वतःही. फडावर संडास नाही, पाणी लांबून आणायचं, म्हणून बाई पाणी कमी पिते आणि लघवी दाबून धरते. पाळीचं कापड धुवायला पाणी नाही, वाळवायला आडोसा नाही. ते दुसऱ्या लुगड्याखाली ओलंच राहतं. त्यातून जंतुसंसर्ग होतो आणि अंगावरून पांढरं जातं. डोक्यावर मोळ्या वाहून गाडी भरायची, तीही रात्री गाडी येईल तेव्हा, म्हणून कंबर आणि माकडहाड गेलेलं. पाळीत पोट दुखलं म्हणून बसून राहिलं तर खाडा लागतो आणि त्याचा दंड उचलीतून कापतात. मग हंगाम संपल्यावर दवाखान्यात गेलं की सोनोग्राफी होते आणि सांगितलं जातं, पिशवीला सूज आहे, कॅन्सर होईल, काढून टाका. 25-30 हजार लागतात. ते टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून घ्यायचे, म्हणजे पुढच्या हंगामाची उचल वाढली आणि पुढचा हंगामही बांधला गेला.

यात डॉक्टर एकटा खलनायक आहे असं मी कधी म्हणत नाही. काहींचे हात माखलेले आहेत हे खरं. पण बाईला स्वतःलाही ती कटकट एकदाची संपवायची असते. पाळीही गेली आणि खाडाही गेला. तिच्या बाजूनं बघितलं तर तो अगदी रोखठोक व्यवहार आहे. हे ज्या शिक्षिकेला कळत नाही तिनं बीडमध्ये फ्लिप चार्ट उघडू नये.

आमच्या सुरुवातीच्या बैठका सरपंचानं मारुतीच्या देवळापुढच्या मांडवात ठरवल्या. सावली होती, सतरंज्या होत्या. पण पाळी आलेली बाई देवळाच्या आवारात येणार कशी? जिला सगळ्यात जास्त गरज तीच नेमकी घरी. मग अंगणवाडीत बसलो. तिथं आशाताई आणि सेविकेच्या समोर भावकीतल्या बायका बोलेनात. शेवटी जागा सापडली ती संध्याकाळच्या ओट्यावर, शेंगा फोडताना, ज्वारी निवडताना. हात कामात असले की मान वर करावी लागत नाही, आणि मान खाली असली की असलं बोलणं सोपं जातं.

खरी अडचण वेगळीच होती आणि प्रशिक्षणात तिचा उल्लेखही झाला नव्हता. एका ओट्यावर मी मन लावून सांगत होते की गर्भाशय उगाच काढू नका, सोबत बीजकोश काढले तर पाळी जाण्याचं वय एकदम आजवर येतं, अंगातून वाफा निघतात, हाडं ठिसूळ होतात. एक मावशी शेंगा फोडायची थांबली. म्हणाली, "आमची तर कवाच गेली. हितं बसलेल्या निम्म्या जणींची गेली. आता आमाला भ्या घालून काय करती बाई?"

त्या रात्री मला झोप आली नाही असं काही म्हणत नाही, चांगली झोप आली, दमले होते. पण दुसऱ्या दिवशी मॅडमना फोन करून विचारलं की ज्यांची काढून झाली त्यांच्यासाठी आपल्याकडं काय आहे. चार्टमध्ये त्यांच्यासाठी एकही पान नव्हतं. मग आम्ही ते पान तयार केलं. ऑपरेशनचे कागद घरात शोधा, ट्रंकेत, पत्र्याच्या डब्यात, कुठंही. बीजकोश ठेवलेत की काढलेत ते त्यावर असतं. काढले असतील आणि वय चाळिशीच्या आत असेल तर जिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, गोळ्यांचा विचार ते करतात. नाचणी, तीळ, दूध, कॅल्शियमची गोळी. लोहाची गोळी चहासोबत नको, लिंबासोबत. रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. आणि अंगातून अचानक आग निघणं, रात्री घामानं भिजणं, उगाच रडू येणं याला बाहेरची बाधा म्हणू नका, भगताकडं कोंबडं नेऊ नका. हे शेवटचं सांगितलं तेव्हा तीच मावशी आपल्या जावेकडं वळून म्हणाली, "बघ, मी सांगत हुते ना, मला येड लागलं नव्हतं." दहा वर्षं तिला घरात येडी म्हणत होते. कुणाला काही विकायचं नव्हतं, काही थांबवायचं नव्हतं, जे होऊन गेलं होतं ते तेवढं नावानिशी सांगितलं होतं. आता माझी निम्मी बैठक अशा बायकांसाठीच असते.

उरलेल्या निम्म्या बैठकीत मी बायकांना थांबायला सांगते. साडी, कर्ज, सगळं मी लोकांना घाई करायला लावून दिलं होतं. आता काम बरोब्बर उलटं आहे. ज्या बाईला दवाखान्यात सांगितलंय की आजच भरती व्हा, तिला म्हणायचं, घरी जाऊन विचार कर. आणि विचार कर म्हटल्यावर ती काय करणार तेही सांगायला लागतं, नाहीतर विचार म्हणजे नुसती काळजी. म्हणून तीन प्रश्न पाठ करून घेते. माझ्या आजाराचं नाव काय? गोळ्या-औषधानं आधी बघता येईल का? महिनाभर थांबले तर काय बिघडेल? डॉक्टर चिडले तर चिडू द्या, सोनोग्राफीचा कागद मागून घ्या आणि सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. 2019 नंतर आमच्या जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली, तीही माहिती देते. परवानगीला काही दिवस जातात, आणि मला ते काही दिवसच हवे असतात. पुढं 2022 मध्ये केंद्र सरकारनं विनाकारण गर्भाशय काढण्याविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या राज्यांना तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. ओट्यावर हे सगळं सांगत बसत नाही. एवढंच सांगते की वर कोर्टात सुद्धा यावर बोलणं झालंय. त्याचं वजन पडतं.

शेठची पहिली शिकवण इथं रोज उपयोगी पडते. गादीवर बसलेल्या बाईकडं बघू नको. तिशीच्या आतल्या एका बाईला अंगावरून जात होतं, कंबर धरलेली, कॅन्सरची भीती घातलेली, तारीख ठरलेली. तिच्याशी मी दोन वाक्यंही बोलले नाही. तिच्या सासूशी बोलले. सासूची स्वतःची पिशवी गेलेली, आणि काढल्यावरही कंबर दुखायची थांबली नाही हे तिच्या तोंडून वदवून घेतलं. मग सासूच म्हणाली, हिला सरकारीत दाखवून आणू. तिथं व्हिनेगरसारखं आम्ल लावून गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी झाली. पाच-दहा मिनिटांचं काम. कॅन्सरचं काही निघालं नाही, संसर्ग होता. औषध दोघांनाही दिलं, नवऱ्यालाही. नवरा म्हणाला, "मला काय झालंय?" सासूनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. त्यानं गोळ्या खाल्ल्या.

सगळ्याच गोष्टी अशा होत नाहीत. एकीला मी थांबवायला गेले आणि सरकारी डॉक्टरांनीच सांगितलं की गाठ मोठी आहे, रक्त सात ग्रॅमवर आलंय, काढावीच लागेल. मग तिच्यासोबत ऑपरेशनला मी गेले, रक्ताची पिशवी मिळवायला मीच पळाले. त्या भागात काही दिवस चर्चा झाली की ही बाई काढू नका म्हणते आणि स्वतः नेऊन काढवते. मला ती चर्चा आवडली. ऑपरेशनच्या विरोधातली बाई म्हणून शिक्का बसला असता तर गरजवंत बाईनं माझ्यापासूनच लपवलं असतं.

थंडीत आम्ही फडावर जातो. कोल्हापूर, सांगली, कधी सीमेपलीकडं बेळगावकडं. उसाच्या पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोप्या, मधून बैल, पोरं, धूर. बायका पहाटे तीन-चारला उठतात, भाकरी थापून उजाडायच्या आत फडात. तिथं भाषण करायला वेळ कुणाला नाही. बाई मोळी बांधता बांधता जेवढं ऐकेल तेवढंच. म्हणून आम्ही टोळीतल्याच एका बाईला निघायच्या आधी शिकवतो आणि तिच्याकडं पेटी देतो : तापाच्या गोळ्या, जुलाबावर ओआरएस आणि झिंक, लोहाच्या गोळ्या, पट्ट्या, थर्मामीटर, सुती कापडाचे गठ्ठे. सॅनिटरी पॅडचा आग्रह मी सोडून दिला. वापरलेले टाकायचे कुठं, उसाच्या सरीत? त्यापेक्षा स्वच्छ सुती कापड, साबण आणि कोपीच्या मागं उन्हात बांधलेली एक दोरी, एवढ्यावर भर देते. दोरी बांधायला पुरुष लागतात, म्हणून संध्याकाळी पुरुषांशीही बोलावं लागतं. सुरुवातीला ते उठून जायचे. आता वाढ्याच्या पेंढ्या बांधत बसून ऐकतात, बघतात दुसरीकडं.

माझं बोलणं फिरत फिरत कुठल्या रूपात परत येईल याचा मात्र नेम नाही. एका टोळीत ऐकलं की पिशवी काढली की दोन वर्षांत हाडं विरघळतात, बीडच्या बाईनं सांगितलंय. बीडची बाई म्हणजे मीच! ज्यांची आधीच काढलेली त्या घाबरून गेलेल्या. तो एक हंगाम मी हाडं विरघळत नाहीत हे सांगण्यात घालवला.

समाधानाचं विचाराल तर ते मोजता येत नाही आणि संस्थेला ते मोजून हवं असतं. दुकानात संध्याकाळी गल्ला मोजायचो. वसुलीत रोजचा तक्ता जुळायचा. इथं माझी सगळी कमाई म्हणजे न झालेल्या गोष्टी. न काढलेली पिशवी, न वाढलेली उचल. त्याबद्दल कुणी येऊन आभार मानत नाही, कारण काही घडलेलंच नसतं. दरवर्षी अहवालात लाभार्थी संख्या नावाचा रकाना असतो. त्यात मी बैठकीला आलेल्या बायकांची संख्या भरते आणि गप्प बसते. मला या हिशोबाचा आता त्रास होत नाही. वसुलीच्या तक्त्यात एक रुपया चुकला तर रात्रभर डोळा लागायचा नाही, इथं काय झालं आणि काय नाही याचा निम्मा पत्ताच नसतो, तरी सकाळी मी आपणहून उठते. कुणी दारात मला बघून आत जाऊन लपत नाही. पूर्वी त्याच दारांमध्ये म्हाताऱ्या मला बघून कडी लावायच्या. आता त्याच म्हाताऱ्या मला ओसरीवर बसवून गुडघ्याचं, मोतीबिंदूचं, सुनेच्या रक्ताचं विचारतात. चहा घ्यायला लागतो. फार चहा होतो, तेवढी एक तक्रार आहे.

गेल्या पावसाळ्यात एका मुकादमाचा फोन आला. "ताई, शेजारच्या टोळीला तुम्ही पेटी दिली, आमच्याला का नाही? आमच्या बायका विचारायल्यात." मुकादमानं आपणहून फोन करणं ही आमच्याकडं साधी गोष्ट नाही. मी म्हणाले, पेटी देते, तिच्यासोबत शिकवूनही देते, पण पाळीचे पहिले तीन दिवस बाई फडावर आली नाही तर खाडा लावायचा नाही.

"तीन दिस? अहो, कारखाना गाडी थांबवतो का? कोयता अर्धा झाला की माझं टनेज कोण भरणार?"

"आजारी पडून महिना घरी बसली तर कोण भरतं, अण्णा?"

तो जरा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, एक दिवस. मी म्हणाले, तीन. साडीच्या दुकानात दीड तास भाव करायची सवय आहे, मला घाई नव्हती. शेवटी दोन दिवसांवर आला, तेही लेखी नाही, तोंडी, आणि फक्त त्याच्या टोळीपुरतं. पेटी नेताना वर विचारून गेला की गोळ्या संपल्या तर मधे आणून द्याल ना. तिसऱ्या दिवसाचं बोलणं अजून चालू आहे. यंदा टोळ्या दसऱ्यानंतर निघतील, तोवर त्याच्या गावात माझ्या दोन बैठका आहेत. त्याची आई दोन्हींना येणार आहे.